फॉर्म कोणाच्या अक्षरात आहे?

मित्रांनो, होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला फॉर्म भरायची भारी सवय असते. परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपचा फॉर्म, एस.टी.च्या पासचा फॉर्म, मेसचा फॉर्म. आपण फॉर्म वाचत नाही, नुसता भरतो. शेवटी बारीक अक्षरात जे काही छापलेलं असतं त्याखाली सही ठोकतो आणि झेरॉक्सवाल्याकडे पळतो. शेवटची तारीख डोक्यावर असते ना! मीही तसाच. आज अशाच एका फॉर्मबद्दल लिहितो आहे. फॉर्म माझा नव्हता. अक्षर मात्र माझं होतं.

माझं गाव जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात. पूर्णेच्या काठचा भाग. कापूस, मका, सोयाबीन, मिरची, आणि पावसाची वाट पाहणं, ही आमच्याकडची मुख्य पिकं! २०२२ साली माझी बारावी झाली आणि सुटीत मी घरी रिकामा होतो. गावात एक विमा एजंट यायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही. कंपनीचे फॉर्म इंग्रजीत, दादांना घाई फार आणि त्यांचं इंग्रजी जेमतेम. ते वडिलांना म्हणाले, "पोराचं अक्षर चांगलंय, इंग्लिश येतंय. येऊ द्या माझ्यासंगं, फॉर्ममागं वीस रुपये देतो." वडिलांना वाटलं, पोरगं कामाला लागलं. मला वाटलं, मोबाईलच्या रिचार्जची सोय झाली.

त्या फॉर्ममध्ये एक पान तब्येतीचं असतं. रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, हृदयविकार, दमा, क्षयरोग, गेल्या काही वर्षांत दवाखान्यात भरती झालात का, कुठली औषधं चालू आहेत का. एकाखाली एक प्रश्न आणि पुढे 'येस' नि 'नो'चे चौकोन. दादांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं, "तिथं काय इचारत बसू नको. सगळीकडं 'नो' मारत जायचं. एक जरी 'येस' आलं की मेडिकल लागतं, मग पार्टी तुटती." मी दोन आठवड्यांत तीसेक फॉर्म भरले. तब्येतीचं पान भरायला मला एक मिनिटही लागत नसे.

त्यातला एक फॉर्म माझ्या सख्ख्या काकांचा होता. पाच लाखांची पॉलिसी. काकांना साखर होती. दोन-अडीच वर्षांपासून गोळी चालू होती आणि ती गोळी जाफराबादच्या मेडिकलवरून कित्येकदा मीच आणून दिलेली. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तरी त्या चौकोनात मी 'नो' केलं. काका ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांना मी एकही प्रश्न वाचून दाखवला नाही. ते म्हणाले, "लिव्ह बाबा तुला काय लिव्हायचं ते. मला फक्त सही कुठं करू तेवढं सांग." त्यांनी मराठीत सही केली. सही मराठीत असली की खाली आणखी एक रकाना असतो. 'मी हे सर्व प्रश्न अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितले असून त्याने दिलेलीच उत्तरं लिहिली आहेत' अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र. त्याखाली माझी सही आहे. मी ते वाचलंही नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये काका हार्ट अटॅकने गेले. वय ४६. मागे काकू आणि दोन मुली, थोरली तेव्हा अकरावीत. काही महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत, म्हणून काकूंनी त्याचा फोटो काढून मला होस्टेलवर पाठवला. मी रीडिंग हॉलमध्ये बसून वाचला. मधुमेहाची महत्त्वाची माहिती लपवली म्हणून दावा नामंजूर, भरलेले हप्ते तेवढे परत. काकूंना फोनवर काय सांगायचं ते मला बराच वेळ सुचलं नाही. पुढे जालन्याला वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, "हा फॉर्म कोणाच्या अक्षरात आहे?"

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. आपल्या अभ्यासक्रमात हे येत नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी तरी पॉलिसी असतेच. म्हणून जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

विमा हा करार आहे, पण इतर करारांसारखा नाही. बैल विकत घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. विम्यात कंपनीला माणसाच्या पोटातलं दिसत नाही, ते फक्त त्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून विमा घेणाऱ्याने सगळं खरं सांगावं असा जुना दंडक आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी १७६६ साली तो एका खटल्यात मांडला. तो खटला आयुर्विम्याचा नव्हताच, सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्याचा होता. तिथला दंडक पुढे सगळ्या विम्याला लागू झाला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला.

पण मग कंपनी पंचवीस वर्षं हप्ते घेईल आणि माणूस मेल्यावर म्हणेल, 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता'! याला आळा घालण्यासाठी १९३८ च्या विमा कायद्यात कलम ४५ घातलं गेलं. मूळ कलमात मुदत दोन वर्षांची होती. दोन वर्षांनंतर पॉलिसी मोडायची असेल, तर कंपनीने नुसती चूक नव्हे, लबाडी सिद्ध करायची. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मिठूलाल नायक खटल्यात याच्या तीन कसोट्या सांगितल्या. लपवलेली गोष्ट महत्त्वाची असली पाहिजे, ती लबाडीने लपवलेली असली पाहिजे, आणि लपवताना आपण खोटं सांगतो आहोत हे त्या माणसाला माहीत असलं पाहिजे. गंमत अशी की त्या खटल्यात तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या आणि दावेदार हरला. पण या तीन कसोट्या मात्र पुढे साठ वर्षं वकिलांच्या तोंडी राहिल्या.

डिसेंबर २०१४ च्या वटहुकुमाने आणि मग २०१५ च्या कायद्याने हे कलम बदललं. आता मुदत तीन वर्षांची. तीन वर्षं झाली की कुठल्याही कारणाने, अगदी लबाडीच्या कारणानेही, कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र कंपनी खुशाल फाईल उघडू शकते. लबाडी नसून नुसती चुकीची माहिती असेल, तर दावा नाकारून ९० दिवसांत हप्ते परत करायचे. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पॉलिसी बंद पडून तुम्ही ती पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. हप्ता चुकवणं किती महाग पडतं बघा! माझ्या काकांची पॉलिसी दीड वर्षाचीही नव्हती.

आता कोर्टात काय होतं? कोर्ट एका बाजूचं नसतं, हे मला वाचताना कळलं. २०१५ सालीच एका मराठी कुटुंबाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गृहस्थांना कमरेच्या मणक्याचा त्रास होता, तो त्यांनी फॉर्ममध्ये लिहिला नव्हता. मृत्यू हृदयविकाराने झाला. महामंडळाने दावा नाकारला आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही ते उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मणक्याच्या दुखण्याचा ना या मृत्यूशी संबंध, ना ते जिवावर बेतणारं होतं, पैसे द्या. हे वाचून मला हायसं वाटलं. पण लगेच लक्षात आलं की कंबर आणि हृदय यांचा संबंध नसेल, साखर आणि हृदय यांचा आहे. आपल्या बाजूचं तेवढं वाचून चालत नाही.

२०१९ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात तर निकाल उलटा लागला. विमेदाराने थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या कंपनीची मोठी पॉलिसी घेतली होती आणि ती नव्या फॉर्ममध्ये सांगितली नव्हती. घरच्यांचं म्हणणं, फॉर्म कोरा होता, सही घेतली, पुढचं एजंटने भरलं. न्यायालयाने ते मानलं नाही. न वाचता सही केली, म्हणून सही करणाऱ्याची जबाबदारी सहसा सुटत नाही, असा त्याचा अर्थ. मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयासमोर असंच दुसरं प्रकरण आलं. त्या विमेदाराने आपली मोठी पॉलिसी सांगितली होती, बारीकसारीक पॉलिसी तेवढ्या राहिल्या होत्या. तिथे न्यायालयाने कंपनीला २५ लाख द्यायला लावले. म्हणजे प्रश्न 'लपवलं का' एवढाच नसतो. 'जे राहून गेलं, त्याने कंपनीचा निर्णय खरोखर बदलला असता का' हाही असतो.

आणि एजंटचं काय? कलम ४५ मध्येच एक स्पष्टीकरण आहे. जो माणूस विम्यासाठी गळ घालतो आणि बोलणी करतो, तो करार जुळण्यापुरता कंपनीचाच माणूस मानला जाईल. आमचे वकीलसाहेब याच ओळीवर भर देणार आहेत. दादा रोज आमच्याकडे चहा प्यायचे, आणि काका चहा बिनसाखरेचा पितात हे त्यांना पाठ होतं. दादांना माहीत, म्हणजे कंपनीला माहीत, असा तो युक्तिवाद. टिकेल की नाही ते आयोग ठरवेल.

पण एजंट कंपनीचा कधी असतो आणि कधी नसतो, याचा एक जुना निकाल तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवा. एका विमेदाराच्या चार पॉलिसी होत्या. १९८७ च्या मार्चचा हप्ता राहिला होता. एजंटने जूनमध्ये त्यांच्याकडून बेअरर चेक घेतला आणि वटवलाही. पैसे कंपनीत काही भरले नाहीत. ९ ऑगस्टला विमेदार अपघातात गेले. एजंटने पैसे भरले १० ऑगस्टला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९७ साली निकाल लागला. एजंटला हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे एजंटला दिलेला पैसा हा महामंडळाला दिलेला पैसा नव्हे. याच्या उलट, १९९९ च्या एका खटल्यात पगारातून हप्ता कापणाऱ्या सरकारी वीज उपक्रमाने तो पुढे भरलाच नव्हता. तिथे मालकाला महामंडळाचा प्रतिनिधी मानून कामगाराच्या विधवेला न्याय मिळाला. आमच्याकडे बायाबापड्या अजूनही एजंटच्या हातात नोटा देतात आणि पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतात. 'आपलाच माणूस हाय' हे वाक्य कोर्टात चालत नाही.

पावतीवरून आठवलं. पावती म्हणजे पॉलिसी नव्हे. आंध्रातल्या एका गृहस्थांनी २७ डिसेंबर १९६० ला ५०,००० रुपयांच्या विम्याचा अर्ज केला, पहिल्या हप्त्याचे चेक दिले आणि १२ जानेवारी १९६१ ला त्यांचं निधन झालं. वाद तेवीस वर्षं चालला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे घेऊन गप्प बसणं म्हणजे प्रस्ताव मान्य करणं नाही. पुढे कायदा थोडा माणसाळला. विमा नियामकाने २००२ च्या नियमांत प्रस्तावावर १५ दिवसांत निर्णय कळवा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत ३० दिवसांत विमेदाराला फुकट द्या, असं बजावलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात म्हटलं की हप्ता घेऊन दीर्घकाळ काहीच न कळवणाऱ्या कंपनीला मागाहून हात वर करता येणार नाहीत. काकूंच्या ट्रंकेत पॉलिसीबरोबर फॉर्मची प्रत होती. दीड वर्ष होती. कोणी उघडून बघितली नाही. मीही नाही.

तुम्ही म्हणाल, या फॉर्मच्या भानगडीपेक्षा सरकारनेच विमा उतरवावा. तेही करून झालंय. आपल्या राज्यात २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना होती. हप्ता सरकार भरायचं, शेतकऱ्याला सहीसुद्धा करावी लागत नसे. आधी एक लाख मिळायचे. २०१५-१६ पासून योजनेला गोपीनाथ मुंडे यांचं नाव मिळालं आणि रक्कम दोन लाख झाली. साप चावला, वीज पडली, विजेचा शॉक बसला, रस्त्यावर अपघात झाला, तर घरच्यांना आधार. कागदावर छान. पण दावा केला की कधी वाहन परवाना नाही, कधी व्हिसेराचा अहवाल नाही, कधी सातबाऱ्यावर नाव उशिरा लागलं, तर कधी कागद उशिरा आले. अशा कारणांवरून ग्राहक आयोगांत ढिगाने प्रकरणं गेली. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने विमा कंपनी हा प्रकारच मधून काढून टाकला. आता ते सानुग्रह अनुदान आहे आणि तालुक्याच्या पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. यातून मी काय शिकलो? फॉर्म नसला तरी वाद होतात. कारण करारात काय बसतं आणि काय नाही, हे ज्याच्यासाठी करार केला त्यालाच कोणी सांगितलेलं नसतं.

आता माझं मत सांगतो. कंपन्यांचं म्हणणं मी समजून घेतलं आहे. विम्याची तिजोरी म्हणजे सगळ्यांच्या हप्त्यांचा हौद. त्यात खोटं बोलून कोणी बादली बुडवली तर पाणी आपल्याच सगळ्यांचं जातं. मरणाच्या दारातल्या माणसाचा विमा उतरवून पैसे लाटणाऱ्या टोळ्या असतात, हेही खोटं नाही. म्हणून 'कंपनी म्हणजे चोर' असं लिहून टाळ्या घेणं मला जमणार नाही. आणि माझ्या काकांच्या फॉर्ममध्ये खोटं लिहिलं होतं, ही गोष्ट मी कशी नाकारू? लिहिणारा मीच.

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आपण स्थापत्यवाले काँक्रीट ओततो तेव्हा त्याच दिवशी क्यूब भरतो. ७ दिवसांनी तोडून बघतो, २८ दिवसांनी तोडून बघतो. स्लॅब कोसळल्यावर क्यूब काढून 'सिमेंट कमी होतं' असं म्हणणाऱ्या इंजिनिअरला कोणी शहाणा म्हणेल का? विमा कंपनी मात्र नेमकं हेच करते. पॉलिसी देताना एक थेंब रक्त तपासत नाही. हप्ता आनंदाने घेते. माणूस गेला की मग तिचा तपासणारा माणूस गावात येतो. मेडिकल स्टोअरची बिलं, दवाखान्याचे केसपेपर, शेजाऱ्यांचे जबाब, सगळं गोळा करतो. जी तत्परता मेल्यावर दाखवता, ती जिवंतपणी का नाही? ग्लुकोमीटरची पट्टी वीस-पंचवीस रुपयांना येते. तपासणी केली तर छोट्या पॉलिसी महाग पडतील, असं उत्तर मिळतं. पडू द्या थोड्या महाग. काकांना शुगर आहे म्हणून जास्त हप्ता सांगितला असता, तर त्यांनी भरला असता किंवा नको म्हटलं असतं. दोन्ही प्रामाणिक व्यवहार झाले असते. आता जे झालं तो व्यवहार नाही. काकूंच्या हातात फक्त हप्ते परत आले.

इंग्लंडने, जिथून हा दंडक निघाला त्या देशाने, २०१२ साली कायदा करून साध्या ग्राहकांसाठी तो सैल केला. एप्रिल २०१३ पासून तिथे ग्राहकाने आपणहून सगळं सांगत बसायचं नाही. कंपनीने नेमके प्रश्न विचारायचे आणि ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरं द्यायची. म्हणजे विचारण्याची जबाबदारी कंपनीवर आली. आपल्याकडे प्रश्न छापलेले असतात, पण ते विचारतं कोण? ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत त्याला प्रश्न विचारला गेला नसेल, तर त्याने उत्तर लपवलं असं कसं म्हणता येईल? माझं ठाम मत आहे की जिथे अर्जदाराची सही मराठीत आहे, तिथे फॉर्मही मराठीतच असला पाहिजे. आणि छोट्या पॉलिसीतसुद्धा साखर आणि रक्तदाब तपासूनच हप्ता घेतला पाहिजे. तपासलं नाही, तर मागाहून त्या दोन गोष्टींवरून दावा नाकारायचा अधिकार कंपनीला नको.

पण मित्रांनो, कंपनी बदलेल तेव्हा बदलेल. हा लेख मी कंपनीसाठी लिहिलेला नाही, आपल्यासाठी लिहिला आहे. आपल्या होस्टेलमधली निम्मी पोरं खेड्यातून आलेली. गावात आपण 'इंजिनिअरिंगवाला' असतो. बँकेचा फॉर्म, पीक विम्याचा फॉर्म, रेशनचा फॉर्म, सगळे आपल्यापुढे आणून ठेवतात. 'तूच लिव्ह' म्हणतात. तो आपला मान आहे असं आपल्याला वाटतं. मला आता वाटतं, ती जोखीम आहे. आजकाल तर दहावी पास झालेल्या कोणालाही १५ तासांचं प्रशिक्षण घेऊन विमा विकता येतो, आणि आपल्यातले काही जण फावल्या वेळात ते करतातही. करा, काही वाईट नाही. फक्त मोबाईलवर ओटीपी मागण्यापूर्वी समोरच्याला प्रश्न वाचून दाखवा.

काही गोष्टी आजच करता येतील. या सुटीत घरी गेलात की ट्रंक उघडा. पॉलिसीच्या मागे फॉर्मची प्रत असते. तब्येतीचं पान काढा आणि आईवडिलांसमोर मराठीत मोठ्याने वाचा. चूक सापडली तर कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. हप्ता थोडा वाढेल किंवा पॉलिसी रद्दही होईल, पण जे काय व्हायचं ते माणूस जिवंत असताना होईल. पॉलिसी नवी असेल तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. वारसाचं नाव बघा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत आजीचं नाव असतं आणि आजी जाऊन दहा वर्षं झालेली असतात.

आपल्या स्वतःच्या खात्यांचंही बघा. पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये मे महिन्याच्या शेवटी खात्यातून जातात. त्या बदल्यात दोन लाखांचा विमा असतो. तिथे आजाराचा प्रश्न नाही, पण नव्याने सामील झाल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला संरक्षण नाही. मेच्या शेवटी आपल्या खात्यात ४३६ रुपये असतात का, हा संशोधनाचा विषय आहे!

आणि दावा नाकारला गेला तर घाबरू नका, रागावून कागद फाडू तर मुळीच नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. मग विमा लोकपाल आहेत. आपल्या भागासाठी पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकतात, मात्र एका वर्षाच्या आत जावं लागतं. किंवा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्यानंतर आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. काकूंनी हाच रस्ता धरला.

पुढच्या महिन्यात माझं शपथपत्र दाखल व्हायचं आहे. त्यात काय लिहायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. एका नातेवाइकांनी सुचवलं, "तुला काकाची शुगर माहीतच नव्हती असं लिवून टाक. मामला सोपा होतो." सोपा होतो खरा. पण पुन्हा एका कागदावर, पुन्हा माझ्या अक्षरात, पुन्हा सोयीचं 'नो'? मी वकीलसाहेबांना सांगितलं की मी खरं तेच लिहिणार. मला माहीत होतं. दादांनाही माहीत होतं. दादांनी 'नो' लिहायला सांगितलं, मी लिहिलं. काकांना कोणी विचारलं नाही. वकीलसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "याने फायदाही होईल, तोटाही होईल. पण उलटतपासणीत तू टिकशील."

काकूंना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या चुलीपुढं होत्या. मला वाटलं रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आरं, त्यानला इचारलं असतं तर त्यानी खरंच सांगितलं असतं. ते कशाला लपिवतील?"

थोरली बहीण आता नर्सिंगला आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजचा एक फॉर्म तिने मला मोबाईलवर पाठवला, 'दादा, भरून दे' म्हणून. मी फोन लावला आणि एकेक प्रश्न वाचून दाखवला. वीस मिनिटं लागली. ती वैतागली. लागू देत.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी, मुलांचे वसतिगृह)